पोट आत, श्वास बंद

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधीच सांगून टाकतो. माझ्या बायकोचं अंग बाहेर यायला लागलं तेव्हा ते दुखणं मी वाढवलं, आणि तेही व्यायाम देऊन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तिनं सगळं स्वतःवर घेतलं आणि मी शेजारच्या खुर्चीत गप्प बसून राहिलो.

मी पिंपळवंडीजवळच्या एका शाळेत पीटीचा मास्तर. कबड्डीच्या कितीतरी पोरी तयार केल्या. शरीराचं आपल्याला कळतं, हा माझा गर्व.

टोमॅटोचा तोडा चालू होता. दिवसभर टोमॅटोनं भरलेली प्लॅस्टिकची कॅरेटं बांधापर्यंत वाहून ती घरी आली आणि ओट्याकडे तोंड करून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, खाली कायतरी येतंय. उकिडवं बसलं की हाताला लागतं."

किती दिवसांपासून, विचारलं.

"धाकटीच्या वेळंपासनं थोडं व्हतं. आता लई वाढलंय."

धाकटी तेव्हा बारावीला होती. एवढी वर्षं ही बाई ते घेऊन शेतात वाकत होती. मी पुढचं काही विचारलं नाही. लाज होतीच, पण खरं म्हणजे घाबरलो होतो. आणि घाबरलो की मला शिट्टी वाजवता येते, दुसरं काही येत नाही.

माझं गणित सरळ होतं: सैल पडलंय, तर घट्ट करायचं. आमच्याकडे बाळंतिणीचं पोट लुगड्याच्या पट्टीनं करकचून बांधतात. आईनं हिचं बांधलं होतं, ती पट्टी ट्रंकेत होती. ती काढली. दुसऱ्या दिवसापासून मागच्या पडवीत पोट आवळून पन्नास बैठका, मग उताणं झोपून दोन्ही पाय वर, मग हात न टेकता उठून बसायचं. "पोट आत, श्वास बंद, उचल." कबड्डीत पकड घालताना पोरी दम कोंडतात, अगदी तसा. कॅरेट उचलतानाही दम कोंडायचा, म्हणजे कमरेला झटका बसत नाही, हेही मीच शिकवलं.

ती कधी नाही म्हणाली नाही. ती नाही म्हणत नाही म्हणजे गुण येतोय, असं मी धरलं. पन्नासाच्या ऐंशी केल्या. बैठका झाल्या की ती न्हाणीघरात जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. यायची ती तोंड धुऊन. मला ते दिसत होतं.

एका सकाळी खाली बसली ती उठेना. एक हात भिंतीला, एक हात लुगड्यात. म्हणाली, "मास्तर, आज शिट्टी नका वाजवू." लग्नाला बावीस वर्षं झाली होती, तिनं मला मास्तर म्हटलं ते तेवढंच एकदा.

दवाखाने जवळ होते. पण तिथल्या निम्म्या पेशंटची पोरं माझ्या शाळेत. म्हणून तिला घोडेगावला नेलं, दोन एसट्या बदलून, तसल्या अवस्थेत धक्के खात. लोकांना सांगितलं, कंबर धरलीय.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यामागे तपासलं, घरी काय काय केलं ते हिला विचारून घेतलं. बाहेर येऊन विचारलं, हे बैठकांचं खूळ कुणी डोक्यात घातलं? मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "मोबाईलवर बघितलं व्हतं."

बाई तिच्यावर रागावल्या. मग केसपेपरवरचा माझा धंदा बघून म्हणाल्या, "अहो, घरात पीटीचे सर असताना मोबाईल कशाला बघायचा? त्यांना विचारायचं की."

मी मान हलवली. बरोबर आहे, अशा अर्थानं.

बाईंनी आत आधाराला रिंग बसवली, ती तपासायला कधी यायचं ते लिहून दिलं. बैठका, दोरीवरच्या उड्या, ओझं बंद. पोटपट्टी सोडायला लावली. मग हिला झोपवून, गुडघे दुमडून, साधा व्यायाम शिकवला: लघवी आणि वारा अडवतो तसं आतून वर आवळायचं, पाच आकडे धरायचं, पूर्ण सोडायचं, थांबायचं, पुन्हा. श्वास चालू ठेवायचा. सपाट वाटेनं चालायचं. खाली जड वाटलं की थांबून आडवं व्हायचं. आणि हलकंसलकं काही उचलायचंच झालं तर श्वास सोडत उचलायचं. "कोंडायचा नाही बरं का. कोंडला की सगळा जोर खालीच जातो."

माझ्या शिट्टीच्या नेमकं उलटं.

परतीच्या एसटीत मी विचारलं, मोबाईल का म्हणालीस? तिनं खिडकीतून नजर काढली नाही. "मग काय सांगायचं व्हतं? तुमी व्हता की शेजारी. तुमीच सांगायचं."

त्याला आता दीड वर्ष झालं. कॅरेटं मी वाहतो. ती कालव्याच्या कडेनं चालते, किती चालायचं ते तिचं ती ठरवते. खोलीचं दार लावून व्यायाम करते आणि आकडे स्वतःच मोजते. मी दार ढकललं तर थांबते, मी निघून गेलो की पुन्हा एकपासून सुरू करते. बरं आहे म्हणते. किती बरं, ते मला सांगत नाही.

शाळेच्या मैदानावर सकाळी बायकांचा व्यायामाचा वर्ग मी अजून घेतो. पोट कमी करायला अकरा जणी येतात. त्यातली एक दोरीवरच्या उड्या आल्या की "घरी काम हाय, सर" म्हणून पाय आवळत निघून जाते. बाकीच्या हसतात. कामचुकार म्हणतात. ती का जाते ते मला कळतं. ते कळायची किंमत माझ्या बायकोनं मोजलीय. तरी मी गेल्या सोमवारीसुद्धा शिट्टी वाजवली आणि उड्या पुढे चालू ठेवल्या.

त्या बाईला डॉक्टरकडे जा म्हणायचं राहिलंय. ते म्हणायचं तर मला कसं कळलं हे सांगावं लागेल, आणि त्याआधी घरात, त्या बंद दाराशी, माझं चुकलं म्हणावं लागेल. तेही अजून राहिलंय.