खुनी थोरला भाऊ

टिंक्चरचा वास आला की हात आपोआप कपाळावरच्या व्रणाकडे जातो. अंबरनाथच्या चाळीत आम्ही दोघं भाऊ रहस्यकथा भाड्याने आणायचो आणि पहिलं वाचन थोरल्याचं, हा नियम होता. त्या दुपारी मी गुपचूप शेवटचं पान वाचलं आणि त्याला चिडवत ओरडलो, “खुनी थोरला भाऊच आहे!” “मजा घालवलीस साल्या,” म्हणत त्याने पितळी तांब्याच कपाळात हाणला, खाली पडलो तरी लाथा घालत राहिला. रक्त डोळ्यांत उतरलं तेव्हा कुठे थांबला. मग रिक्षात शर्ट काढून त्यानेच जखम दाबून धरली. डॉक्टरांना मी सांगितलं, “जिन्यावरून पडलो.” “खोटं बोलतोय तो,” भाऊ म्हणाला, “मी मारलं.” पुस्तकातल्या थोरल्याने मात्र शेवटच्या पानापर्यंत तोंड उघडलं नव्हतं.