पाणी पिकू द्या

काचेची नळी उजेडाकडं धरायची, एक डोळा मिटायचा, आणि सोनार मोती पारखतो तसं तोंड करायचं. मग म्हणायचं, "नाय ताई. कच्चं हाय अजून. पाणी पिकू द्या." शेजारच्या खोलीतल्या भाऊंचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की चहाला उशीर झाला तर आमचे हे मलाच ऐकवायचे, "पिकू द्या, पिकू द्या!"

चिकलठाण्याच्या एका औषधाच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते आणि भाऊ पाणी तपासायच्या खात्यात. कंपनीच्या एकाच बसनं जायचो-यायचो आणि एकाच मालकाच्या खोल्यांत भिंतीला भिंत लावून राहायचो. माणूस बढाईखोर. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी "मी कालच हेरून ठेवली होती" म्हणणार. पण मनात पाप नव्हतं, हे मी कुणालाही सांगेन.

कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये समुद्राच्या माशांची टाकी करायचं मनावर घेतलं होतं. साहेबांची बदली झाली आणि टाकी भंगारात पडली. सोबत पोतंभर दगड, समुद्रातलेच, पांढरेफटक, भोकाभोकांचे, वाळून हलके झालेले. भाऊंनी ते सगळं मागून घरी आणलं. मुंबईच्या बंदरावर माल नेणारा ड्रायव्हर त्यांना कॅन भरभरून खारं पाणी आणून द्यायचा. मी म्हटलं, "अहो, इथं प्यायचं पाणी दिवसाआड येतं आणि तुम्ही समुद्र कुठं आणताय?"

हसले. मग आवाज खाली करून म्हणाले, "मायसाठी, ताई."

मायचं सांगते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत वस्त्या पेटल्या, ते तुम्हालाही ठाऊक आहे. विद्यापीठ इथं, आणि जळालं ते भाऊंच्या गावचं घर. म्हातारी नेसत्या लुगड्यानिशी लेकाकडं आली, पदराखाली निळ्या कोटातला तो एक फोटो तेवढा वाचवून. आली तशी तिची वाचा बसली. ताट पुढं केलं की जेवायची, ताट घासायची आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसायची. औषधं झाली, कुणी सांगितलं ते सगळं झालं. मग एक दिवस भाऊंनी टाकीत हवेचा पंप लावला आणि बुडबुड्यांच्या आवाजानं मायनं मान वळवून पाहिलं. एवढंच. पण या माणसानं तेवढंच धरून ठेवलं.

"दगडात जीव आला ना ताई, की माय बोलंल. बघा तुम्ही."

पहिल्यांदा त्यांनी घाई केली. पाणी भरलं, दगड रचले आणि लगेच मासा सोडला. सकाळी मासा उलटा तरंगत होता आणि माय परत भिंतीकडं वळली. मग त्यांनी कुणाकुणाला विचारून खरी रीत शिकून घेतली. मेल्या दगडावर आधी डोळ्यांना न दिसणारे जंतू वस्तीला यावे लागतात. पाण्यातलं विष तेच खातात. आणि ते यावेत म्हणून पाण्यात आधी काहीतरी सडवावं लागतं. भाऊंनी शहागंजातून सुकट आणली आणि चिमूटभर टाकीत टाकली. ती सडली, वास सुटला. मग रोज नळीभर पाण्यात तपासायच्या औषधाचे थेंब टाकून ती नळी उजेडाकडं धरायची. पिवळा रंग आला की विष आहे, रंग गेला की पाणी पिकलं.

आमचे मालक शाकाहारी आणि तोंडाचे गोड. खोली देताना आडनावावरून त्यांना काही उमगलं नव्हतं. तो फोटो भिंतीवर लागला आणि मालकांचं नाक एकदम तिखट झालं. दारात उभं राहून म्हणायचे, "वास येतो हो. पाणी बाटलंय तुमचं."

"पाणी बाटत नसतं मालक," भाऊ म्हणायचे. "पिकत असतं."

हळूहळू नळीतला पिवळा रंग फिका होत गेला. दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर चढला, तर भाऊ बसमध्ये सगळ्यांना पेढे वाटल्यासारखे सांगत सुटले. जंतू आले होते. ड्रायव्हर रविवारी केशरी मासे आणणार होता.

त्याच आठवड्यात एका सकाळी आम्ही बसला निघालो, तर मालक दारातच उभे. मायला ऐकू जाईल असं म्हणाले, "किती ही घाण! माणसानं स्वच्छ राहावं. नाहीतर खोली सोडावी." भाऊ नेहमीसारखं पिकण्याचं काहीतरी बोलले आणि आम्ही धावत बस पकडली.

संध्याकाळी परत आलो तर टाकी लखलखत होती. खारं पाणी मोरीत ओतून दिलेलं. पिण्याचा ड्रम रिकामा, त्यातलं सगळं पाणी टाकीत. आणि दगड? राख आणि नारळाच्या शेंडीनं घासून घासून पांढरेशुभ्र केलेले. माय पाटावर बसली होती. बोटांची सालं निघाली होती. आमच्याकडं बघून ती बोलली. होय, बोलली.

"समदं घासून काढलं बाबा. आता कोन म्हनंल आपल्याला घान?"

माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं, तसं भाऊंनी मला हातानंच गप्प केलं. त्यांच्या दुसऱ्या हातात नळी होती. ती त्यांनी खिशात ठेवली.

"लई झ्याक केलंस, माय," ते म्हणाले. मला तिथं उभं राहवेना.

तेवढ्यात मालक आले. स्वच्छ टाकी पाहिली, पाहून घेतली, आणि धोतराचा सोगा नाकाला लावला. "वास येतोच अजून."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "कशाचा वास? नळाचं पाणी आहे ते! मी धनगराची लेक, माझ्या घरात लोकरीची घोंगडी आहेत. त्यांचाही वास येत असेल. मलाही काढा!"

"तुमची गोष्ट वेगळी आहे, ताई," मालक गोड आवाजात म्हणाले.

महिना संपायच्या आत भाऊंनी खोली सोडली. पुढं कारखानाही सोडला. कितीतरी वर्षांनी विद्यापीठाला नाव लागलं, तेव्हा कमानीपाशी लोटलेल्या गर्दीत मी त्यांना शोधलं. दिसले नाहीत. दिसले असते तर मी काय बोलणार होते, कोण जाणे.

डोळ्यांपुढं राहिला आहे तो सामानाचा टेम्पो. मागच्या बाजूला दगडांच्या पोत्याला टेकून माय बसलेली, शेजारी रिकामी टाकी धरून भाऊ. टेम्पो सुरू झाला तसं मायनं आपले दोन्ही तळवे नाकाशी नेले, हुंगले, पुन्हा हुंगले, आणि मग ते लेकापुढं धरले.

"बघ रं बाबा. अजून येतो का?"