इंजिनाला वेड लागण्यापूर्वी

इंजिनाला वेड लागणार हे इंजिनाच्याही आधी कळणारा कान अख्ख्या मावळात एकच होता, आणि तो माझ्या चुलतसासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, डाव्या बाजूला होता. उजवा त्यांनी खंडाळ्याच्या घाटात आगगाडीच्या इंजिनांना तेल घालता घालता शिट्ट्यांना वाहून टाकला होता. "ह्यो एक हाय तवर मी कामाचा," असं ते डावा कान चिमटीत धरून सांगत. पेन्शनीत निघाल्यावर ते कुसगावाहून रोज मळवलीला माझ्या भाताच्या गिरणीत येत आणि पोत्यावर बसून, डोळे मिटून इंजिनाची फटफट ऐकत. इंजिनच हवं असंही नाही. महादेवाच्या अभिषेकपात्राचं भोक मोठं केलं की 'टप, टप'चं 'टप्प-टिप, टप्प-टिप' होतं, असा त्यांचा शोध. काडीने भोक कोरताना सापडले, तेव्हा गुरवाने त्यांना पिंडीसमोरून उठवलं.

"जावईबापू, वेड एकदम लागत न्हाई," ते सांगत. "तेल वाढवत गेलं की आधी एक फटफट मोठी, एक बारकी, एकाचं दोन. दोनाचं चार व्हायला त्येच्याहून कमी तेल वाढवावं लागतं, चाराचं आठ व्हायला आणिक कमी. फुडं मोजायला सवड न्हाई."

मी चार इयत्ता इंग्रजी शिकलेला. अर्थातच हसलो.

जत्रेच्या आदल्या दिवशी दारात पोत्यांची रांग लागली. मी तेल वाढवलं. आबांची दोन बोटं वर झाली. आणखी वाढवलं.

"चार. हात आखडा."

"आबा, कालच पुण्याच्या मिस्त्रीने तपासलंय!"

"त्यो पुण्यात हाय. तुमी हितं हायसा."

मी ऐटीत आणखी थोडं वाढवलं. इंजिन ठेचकाळलं, खोकलं, उधळलं. पट्टा सुटून छपराची कौलं घेऊन गेला आणि मी कमरेपर्यंत तुसाच्या ढिगात. आबा जागचे हलले नव्हते.

"आठ ऐकू आलं का वो?" त्यांनी मोठ्या आशेने विचारलं. "मला न्हाई गावलं."

पुढे डावा कानही गेला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. इंजिनाच्या चौथऱ्यावर तळहात टेकून बसू लागले, इतकंच. परवा इंजिन घड्याळासारखं चाललं होतं आणि त्यांची दोन बोटं वर झाली. थरथरत होता तो त्यांचाच हात.

"आवं, ब्येस चाललंय की!" रांगेतली एक मावशी ओरडली.

मी तेल कमी केलं. आबांनी तळहात दाबून पाहिला.

"बगा, आलं का न्हाई ठिकाणावर?"

मी त्यांना दिसेल अशी जोरजोरात मान डोलावली. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत गिरणी सावकाशच चालली.