जेवण संपेपर्यंत उठायचं नाही
परवा मुलाच्या खोकल्यासाठी लसूण ठेचून मधात कालवला आणि त्या उग्र, गोड वासासरशी जर्सी सिटीतल्या माझ्या शेजारच्या स्लोव्हाक आजी आठवल्या. त्यांच्या देशात त्या शाळेत शिकवायच्या. इथे नवरा गेल्यावर एकट्याच राहत. मीही तेव्हा एकटा, म्हणून नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला जेवायला बोलावलं. पापडीसारख्या पातळ वेफरवर मध आणि लसणाची पाकळी, आंबट कोबीचं सूप, तळलेला मासा, सगळं आधीच हाताशी मांडलेलं. "जेवण संपेपर्यंत कोणी उठायचं नाही," त्या म्हणाल्या. "जो उठतो तो पुढच्या नाताळला नसतो, असं आमच्याकडे मानतात." मी हसून मान डोलावली. सूप अर्ध्यावर असताना नागपूरहून भावाचा फोन आला. बाबांना आयसीयूत हलवलं होतं. बोलता बोलता मी उठून खिडकीशी कधी गेलो, कळलंच नाही. वळलो तर आजी चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मग टेबलाला धरून, दुखरे गुडघे सावरत त्याही उठल्या. "आजी, तुम्ही कशाला उठलात?" मी म्हणालो. "आता दोघंही उठलो," त्या शांतपणे म्हणाल्या. "नेणाऱ्याला आधी म्हातारी दिसेल." बाबा वाचले. आजी मार्चमध्ये गेल्या. मी याला योगायोगच म्हणतो. पण परवा मुलगा अर्ध्या जेवणातून उठायला लागला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. "व्हाय?" म्हणत तो रडवेला झाला, आणि मी त्याचा खांदा दाबून त्याला खुर्चीतच बसवून ठेवलं.