हौसाबाईंचा कोनाडा

आमच्या चर्चच्या मंडळीत मी साक्ष द्यायला उभी राहिले, की मागच्या बाकावरची माणसं सावरून बसतात — गेला आता अर्धा तास, म्हणून. त्यांचं चूक नाही. मी शाळेत शिकवते, तोंड चालतंच. प्रभूनं मला काय काय दिलं, कुणाकुणाच्या घराच्या विटा माझ्या हातून वाहून घेतल्या, सगळं सांगून झालंय. पण राहुरीकडच्या एका घरातली एक गोष्ट मी दरवेळी गाळली. पाळकांना सांगितली नाही, नवऱ्याला नाही. प्रार्थनेतसुद्धा — 'माझ्या हातून काही चुकलं असेल तर' असंच म्हटलं. काही? असेल तर? तुम्हाला मात्र सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

श्रीरामपूरच्या आमच्या मंडळीची एक पद्धत आहे. मे महिन्याची सुट्टी लागली, की वर्षाला एक घर बांधायचं. सिमेंट-विटा वर्गणीतून, मिस्त्री आमच्यातलाच — शांतवन मिस्त्री — आणि राबायला आम्ही सगळे. बायकासुद्धा घमेली उचलतात. घर कुणाला बांधून द्यायचं ते गरज बघून ठरवायचं, धर्म विचारायचा नाही, असं पाळकांनी पहिल्याच वर्षी सांगितलं. तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' कुणी म्हटलं असेल? मी. हातांना फोड आले की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू — शाळा उघडली की ते हात मी स्टाफरूममध्ये मुद्दाम टेबलावर ठेवायचे.

त्या वर्षी हौसाबाईंचं घर होतं. साठी उलटलेली बाई, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पावसात मातीची भिंत बसली, तेव्हापासून पुतण्याच्या गोठ्याला लागून पत्र्याखाली राहत होत्या. आमचं काम सुरू झाल्यावर रोज सगळ्यांसाठी गुळाचा चहा करायच्या. कधी काही मागायच्या नाहीत. एकदाच मागितलं, आणि तेही मला नाही, मिस्त्रीला. पडलेल्या घरात त्यांच्या देवांचा कोनाडा होता. खंडोबाचा आणि देवीचा असे दोन चांदीचे टाक, सासूकडून आलेले. त्यांना बसायला नव्या भिंतीत तसाच एक कोनाडा ठेवाल का, एवढंच. मिस्त्रीनं ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले आणि तो पाहिला. आणि मला राग आला. हो, रागच — दुसरं गोड नाव त्याला नाही. विटा आम्ही वाहिल्या, उन्हात आम्ही भाजलो, प्रार्थना करून पाया आम्ही घातला, आणि आत बसणार खंडोबा? रविवारी घराच्या समर्पणाच्या प्रार्थनेला बाहेरगावची माणसं यायची होती, फोटो निघणार होते. त्याच भिंतीवर निळ्या अक्षरांत बायबलमधलं एक वचन लिहायचं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. पण हे बोलणार कुणाजवळ? 'आमेन' मीच म्हटलेलं ना!

मग मी हौसाबाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, कोनाड्यानं भिंत कच्ची होते. वरचा भार पेलत नाही. उद्या तडा गेला तर घर अंगावर येईल. शाळेत पोरांना समजावते तसं समजावलं — अगदी खांद्यावर हात ठेवून. ज्या बाईनं आपली भिंत पडताना पाहिलीय, तिला मी हे सांगत होते. आणि ते धादांत खोटं होतं. मला पक्कं माहीत होतं, कारण माझ्या स्वतःच्या घरात तसाच कोनाडा आहे, याच शांतवन मिस्त्रीच्या हातचा. त्यात माझं बायबल असतं.

हौसाबाईंनी भिंतीकडं एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग नगं, ताई. भिंत पक्की पायजे. देव काय, डब्यातबी ऱ्हातील."

मिस्त्रीला मी सांगितलं, बाईंचा विचार बदललाय. त्यानं हातातली थापी खाली ठेवली. असू द्या की, घर तिचं हाय, असं काहीतरी पुटपुटला. मी थांबले नाही. मीच विटा भिजवल्या आणि मीच कोनाड्यात बसवल्या, वाकड्यातिकड्या. वरून गिलावा झाल्यावर काही कळेना. रविवारी प्रार्थना झाली, मी साक्ष दिली, लोकांचे डोळे भरून आले. हौसाबाईंचेही.

त्यानंतर मी तिकडं फिरकले नाही. चोराच्या मनात चांदणं. पण काही वर्षांनी एका लग्नासाठी राहुरीला गेले आणि आमच्या गाडीतलाच कुणी म्हणाला, ताई, तुमच्या हौसाबाईंना भेटून जाऊ. माझ्या हौसाबाई! बाकीचे रस्त्यावरच गाडीपाशी बोलत थांबले, मी आत गेले.

घर लख्ख होतं. पण काहीतरी चुकत होतं, आणि ते काय हे मला पटकन कळेना. मग कळलं. भिंती उघड्या होत्या. नवऱ्याचा फोटो खाली पाटावर टेकवून ठेवलेला. आरसा पत्र्याच्या पेटीवर. लुगडी दाराबाहेर दोरीवर. खुंटी नाही, कॅलेंडर नाही. पेटीवर आरशाच्या शेजारी बिस्किटांचा एक जुना डबा, त्याला हळदीकुंकू लावलेलं. मी सहज विचारावं तसं विचारलं, की अहो, फोटो वर का नाही लावला?

"तुमीच सांगितलं हुतं न्हवं, भिंतीला जपा म्हून?" त्या हसल्या. "येक खिळाबी ठोकू दिला न्हाई म्या कुनाला."

असं तर मी सांगितलंच नव्हतं. पण माझ्या बोलण्यातून त्यांनी ते काढलं होतं, आणि केवढ्या अभिमानानं सांगत होत्या! आपल्याच घरात त्या पाहुण्यासारख्या राहत होत्या, भिंतीला पाठसुद्धा न टेकता. आम्ही दोघीच होतो. माझ्या हातात त्यांचा तोच गुळाचा चहा. एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हटलं असेल?

"बरं केलंत," म्हटलं. आणि चहा संपवला.

नंतर किती वेळा ठरवलं, जाऊन सांगावं. राहुरीला एसटी काय दिवसभर असते. पण मग मंडळीत कळलं असतं, आणि 'मार्थाताई' म्हणताना लोकांच्या आवाजात जे येतं ते पुन्हा आलं नसतं. मला ते फार आवडतं. अजूनही आवडतं.

या हिवाळ्यात हौसाबाई गेल्या. दहाव्याला मी गेले. पुतण्यानं त्यांचा फोटो मोठा करून आणला होता. हार घालायला म्हणून तो माझ्याच हातात दिला. मग हातोडी आणि खिळा घेऊन तो भिंतीजवळ गेला आणि थांबला. काकू जिती होती तवर कुणाला हात लावू दिला न्हाई, म्हणाला. माझ्याकडं वळला.

"ताई, तुमी सांगा. ठोकू का? भिंतीला काय हुनार न्हाई ना?"

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. फोटोतल्या हौसाबाईही.

"ठोक," म्हटलं मी.

खिळा आत गेला. चिमूटभर गिलावा खाली सांडला, बस्स. भिंत जशीच्या तशी. ताईंचं काम हाय, पक्कंच असनार, असं मागून कुणीतरी म्हणालं.

मी मान डोलावली.