वापरलेली असल्याचा पुरावा

कवळीवाल्यांना परदेशातल्या दंत-प्रयोगशाळेत नोकरी मिळाली, तेव्हा न्यायच्या सामानात त्यांनी सर्वांत आधी मोटारसायकल धरली. माणूस कवळ्या घडवणारा, बेताच्या उंचीचा, आणि एकदा ठरवले की ठरवले अशा स्वभावाचा. मेहुणा तिथे आधीच स्थायिक झालेला. तो फोनवर म्हणाला, "दाजी, इथं लोक काय पायी फिरतात? दुकानात जायचं, पसंत करायची, किल्ली फिरवायची!" बायकोही भावाच्याच बाजूने होती.

कवळीवाल्यांची अडचण मात्र तात्त्विक नव्हती. तिकडे पोचल्यावर त्यांनी दुकानातल्या गाड्यांवर बसून पाहिले, तर प्रत्येक गाडीवर पाय अधांतरी. स्वतःच्या गाडीचे सीट त्यांनी कापून मापाचे करून घेतले होते. ती बोटीने येईपर्यंत ते मेहुण्याच्या मागे बसून कामावर जाऊ लागले. मेहुणा प्रत्येक सिग्नलला मान वळवून एकेक गाडी दाखवी. "ही बघा. हिचं ॲव्हरेज विचारा मला." हे जन्मभर ऐकायचे की नाही, याचा निकाल बंदरावरच्या गोदामात लागणार होता.

नियम दोन होते. गाडी वापरलेली असेल तर करमाफी. आणि तिच्यावर परक्या मातीचा कणही नको. कवळीवाल्यांनी निघण्यापूर्वी दुसऱ्या नियमाचा धसका घेतला होता. कवळ्यांच्या खाचा साफ करायचे ब्रश घेऊन ते गाडीला भिडले. या सफाईला किती दिवस लागले, याविषयी नवरा-बायकोचे वृत्तान्त जुळत नाहीत. शेवटी चाकाच्या तारांना दातांची पॉलिश लावली गेली, हे मात्र दोघांनाही मान्य आहे. खडखडतो म्हणून जुना मीटरही काढून शून्यावरचा नवा बसवला.

गोदामात माती तपासणाऱ्या बाईंनी भिंग फिरवले आणि त्या खूश झाल्या. "इतकी स्वच्छ गाडी मी पाहिली नाही."

"मीही नाही," शेजारचा कर-अधिकारी म्हणाला. "ही नवी आहे. कर भरा, नाहीतर परत पाठवा."

कर गाडीच्या किमतीहून मोठा होता. कवळीवाल्यांनी कागद पुढे केले.

"कागद जुने आहेत, गाडी नवी आहे. म्हणजे कागद दुसऱ्या गाडीचे."

"अहो, नंबर जुळतोय ना! इथं कोरलाय बघा."

"तुम्ही दात कोरता. आकडे कोरायला कितीसा वेळ लागणार?"

सोबत आलेल्या मेहुण्याने गोदामाच्या जमिनीवरची मूठभर धूळ उचलली. "दाजी, थोडी चोळू का?"

"खबरदार!" बाई ओरडल्या.

"अहो, ही तुमचीच माती आहे!"

"गाडीला लागली की मी ती कोणाची म्हणायची?"

एवढा वेळ उभी असलेली बायको वैतागून गाडीच्या मागच्या सीटवर बसली. गोदामात खुर्ची नव्हती. गाडी कलू नये म्हणून कवळीवाले पुढे बसले.

"पुढे सरका."

"सरकलोय."

"टाकीवर बसा म्हणत नाही, जरा सरका. दर वेळी मला निम्मं सीट."

"मग हलू नकोस. तू हललीस की हँडल हलतं."

"हँडल माझ्यामुळे हलतं? त्या दिवशी चुकीच्या फाट्यावर वळलात, तेही माझ्यामुळेच! 'रस्ता विचारा' म्हणून घसा सुकला माझा."

"मला रस्ता माहीत होता."

"माहीत होता म्हणे! तीन वेळा एकाच म्हशीला ओलांडलं आपण!"

"म्हशी वेगळ्या होत्या."

दोघांना थांबवायला अधिकाऱ्याने हात वर केला होता. तो हळूहळू खाली आला. त्याने कोपऱ्यातली एक जप्त केलेली, खोक्यातून नुकतीच काढलेली मोटारसायकल पुढे आणवली. "जरा हिच्यावर बसा."

दोघे चढले. कवळीवाल्यांचे पाय लोंबू लागले.

"नीट बसलीस ना?" त्यांनी विचारले.

"हो. छान आहे. तुम्हाला अडचण नाही ना होत?"

"छे, छे."

अधिकारी बराच वेळ वाट पाहत राहिला. पुढे काहीच झाले नाही. मग त्याने दोघांना परत त्यांच्या गाडीवर बसवले.

"शिंगं पण तशीच होती," बायको म्हणाली.

"सगळ्यांची तशीच असतात!"

अधिकाऱ्याने अर्ज ओढला, 'झीज' या रकान्यात 'भरपूर' असे लिहिले आणि शिक्का उचलला. पण तो उचललेलाच राहिला.

"मग त्या दिवशी पोचलात का?"

"पोचलो की," कवळीवाले म्हणाले.

"माझ्याच लग्नाला निघाले होते साहेब," मेहुणा हातातली धूळ झटकत म्हणाला. "जेवणं उरकून मांडववाले दोऱ्या सोडत होते, तेव्हा आले. आणि आल्या आल्या दोघं मलाच विचारतात, उशीर कोणामुळे झाला ते सांग!"

शिक्का बसला.