हवालदार मेश्रामची गाठ
२००६ साली आमची पलटण राजस्थानात होती. सहाला पीटी, आठला नाश्ता, मग फायरिंग रेंज. माझ्या सेक्शनमध्ये नायक देवाजी मेश्राम होता. तो चिचगडचा, मी गोंदियाजवळचा. तेवढ्या लांब एका जिल्ह्याचा माणूस म्हणजे घरचाच.

एक दिवस रेंजवरून आल्यावर त्याने बनियान वर केली. छातीच्या उजव्या बोंडाखाली वाटाण्याएवढी गाठ होती.

"बट लागून राहिला, भाऊ," तो म्हणाला.

रायफलचा बट, म्हणजे खांद्याला टेकवायचा दस्ता, उजव्याच अंगाला धक्का मारतो. फौजेत उजवीकडे काही सुजलं, दुखलं की बटावर खापर फोडायचं. मीही फोडलं.

आठ दिवसांनी मेडिकल होतं, नंतर कॅडर, म्हणजे हवालदारकीच्या बढतीचा कोर्स. गाठ दिसली तर हॉस्पिटल, मेडिकल कॅटेगरी डाऊन, कॅडर गेली.

"बट लागला म्हणून सांग. जास्त बोलू नको," मी म्हटलं.

"दुसरं काही असलं तं?"

"तू काय बाईमाणूस आहेस का?"

सगळी बरॅक हसली. त्याने तसंच सांगितलं. हवालदारकीची तिसरी पट्टी लागली. मिठाई मीही खाल्ली.

तीन वर्षांनी आम्ही दोघेही पेन्शनवर घरी होतो. माझीच छाती सुजायला लागली, दोन्हीकडे. सदरे सैल शिवून घेतले. उघड्याने आंघोळ बंद केली. बायको रोज मागे लागायची, "काऊन जी, डॉक्टरले दाखवत काऊन नाही?" चार महिने टाळलं. लाज वाटत होती, दुसरं काय! बंदुकीसमोर उभं राहणं सोपं होतं.

शेवटी गोंदियाला गेलो. सोनोग्राफीच्या बाकावर सगळ्या बायाच. काउंटरवरची पोरगी ओरडली, "कटरे मॅडम!"

मी उठलो. "मीच तो."

"आप?" तिने कागद उलटापालटा करून पाहिला. बाया पदराआड हसल्या. हसू दे म्हटलं.

रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "दोन्हीकडे मऊ आहे, कॅन्सर नाही. पोटासाठी तुम्ही रोज घेता त्या गोळ्यांनी झालेलं दिसतं. गोळी बदलू, उतरेल. एकाच बाजूला कडक गाठ असती तर आजच सुई घालून तपासली असती."

"पुरुषाला?"

"पुरुषालाही होतो."

"साहेब, रायफलच्या बटने होते का गाठ?"

"बटचा मार पंधरा दिवसांत उतरतो, हवालदार."

घरी न जाता देवरीची बस धरली, तिथून चिचगड. देवाजी अंगणात मोहफुलं वाळत घालत होता.

"सदरा काढ."

"कायले?"

"काढ म्हणतो ना!"

बोंड आत ओढलं गेलं होतं. बनियानवर रक्ताचा डाग होता.

"बटच ना, भाऊ?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याला नागपूरला नेलं. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. पण उशीर झाला होता. वॉर्डात एकदा म्हणाला, "तू नसतं सांगितलं तरी मी तेच बोललो असतो. पट्टी पाहिजे होती मले." माझं मन राखायला म्हणाला, एवढं मला कळतं. चौदा महिन्यांनी तो गेला.

माजी सैनिकांच्या मेळाव्यात दर वर्षी शहिदांची नावं वाचतात. देवाजीला गोळी लागली नव्हती, म्हणून यादीत त्याचं नाव नाही. तो गेला त्या वर्षी यादी संपली तसा मी उभा राहिलो.

"हवालदार देवाजी मेश्राम. छातीचा कॅन्सर. डॉक्टरसमोर खोटं बोलायला मी शिकवलं होतं."

मग नेहमीचं दोन मिनिटांचं मौन झालं. मी बसलो. शेजारचे म्हातारे सुभेदारसाहेब सदऱ्यावरून छातीची एक बाजू चाचपत माझ्या कानाशी वाकले.

"कटरे, जरा बाहेर ये. तुला एक दाखवायचं आहे."